फरशी पुलाच्या पलीकडचा मुक्काम
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

आडरानात, नदीकाठी दोन-तीन रात्री राहायचं म्हणून या महिन्यात बरीच पत्रं आली. त्यातले निवडक प्रश्न घेतले आहेत. सारख्या प्रश्नांची उत्तरं एकत्र केली आहेत.

प्रश्न: आम्ही नऊ जण आहोत. त्यात तीन लहान मुलं आणि सत्तरी ओलांडलेले दोघं. किनवट भागात पैनगंगेच्या काठी दोन रात्री राहायचं आहे. कधी जावं, आणि खोल्या कशा मिळवाव्यात?
– वाचक, परभणी

उत्तर: दिवाळी उरकली की निघा, जानेवारीअखेरपर्यंत कधीही. त्याआधी रान ओलं असतं नि गवत कमरेला लागतं, आणि मार्चनंतर पात्रात बऱ्याच ठिकाणी डोहच उरतात. या काळात एकच अडचण, दत्तजयंती. त्या तीन-चार दिवसांत माहूर भरून वाहतं. खोली तर सोडाच, किनवट-माहूर पट्ट्यात भाड्याची जीप मिळायची मारामार.

खोल्यांच्या बाबतीत लोक नेमके कुठे फसतात ते आधी सांगतो. पैनगंगा अभयारण्याला नदीने तीन बाजूंनी वेढलंय आणि त्याचा बहुतांश भाग पलीकडे, यवतमाळ जिल्ह्यात आहे. त्याचा कारभार पांढरकवड्याच्या वन्यजीव विभागाकडे. अलीकडचं किनवटचं सागाचं रान मात्र नांदेडच्या वन विभागाचं. अर्ज चुकीच्या काठाच्या कार्यालयात पडला की आठ-पंधरा दिवस तो नुसता टेबलं फिरतो. म्हणून आधी विश्रामगृह कुठल्या काठावर आहे ते नक्की करा, मग लेखी अर्ज. अर्जात सगळ्यांची नावं-वयं, एकाच्या ओळखपत्राची प्रत, गाडीचा नंबर, आणि एक नव्हे तर दोन तारखा द्या.

विश्रामगृह सरकारी आहे हे विसरू नका. साहेबांचा दौरा लागला की तुमचं आरक्षण आदल्या दिवशीही रद्द होतं, आणि त्यावर भांडून काही हाती लागत नाही. किनवट गावातली एखादी साधी खोली पर्याय म्हणून बोलून ठेवा. फोनवर खानसाम्याला चारच गोष्टी विचारा: कमोड आहे का, पाणी बोअरचं की टँकरचं, गाद्या-पांघरुणं किती, आणि तो स्वतः रात्री तिथे राहतो का. तुमच्याबरोबर दोन वडीलधारी आहेत, तेव्हा पहिल्या आणि शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं तर जागा बदला. नदीकाठी डिसेंबरात पहाटे चांगलीच थंडी पडते. माणशी एक जाड रजई घरूनच न्या.

रेल्वेने येणार असाल तर नंदीग्राम एक्स्प्रेस परभणी-नांदेडहून हिमायतनगरमार्गे किनवटला जाते. पुढची जीप मात्र आधी सांगून ठेवलेली असावी.

प्रश्न: ऑगस्टच्या जोडसुट्टीत सहस्रकुंडचा धबधबा पाहून जवळच नदीकाठच्या एका शेतघरात मुक्काम करायचा बेत आहे. मालक म्हणतात, घराला आजवर पाणी लागलेलं नाही. एवढ्यावर विसंबून राहावं का?
– वाचक, वसमत

उत्तर: नाही. घराला पाणी लागलं नसेल, पण रस्त्याला लागतं. पावसाळ्यात नदीकाठी अडकलेले लोक बहुतेक वेळा कोरड्या घरात बसून अडकलेले असतात.

मालकांना असं विचारा: डांबरी सडकेपासून घरापर्यंत किती फरशी पूल (पाणी चढलं की बुडणारे ठेंगणे पूल) आहेत? गेल्या श्रावणात त्यातला कोणता, किती वेळा आणि किती तास बंद होता? ओढ्यावरचा पूल असेल तर पाऊस थांबल्यावर काही तासांत उतार पडतो. नदीवरचा असेल तर दोन-दोन दिवस जातात. उत्तर ऐकता ऐकता कागदावर रेघ मारा: घर, पूल, सडक, दवाखाना. दवाखाना पुलाच्या पलीकडे येत असेल तर म्हातारी माणसं, लहान मुलं आणि दिवस भरत आलेली बाई यांना घेऊन तिथे पावसाळ्यात राहू नये. यात आम्ही सूट देत नाही.

दुसरं, सहस्रकुंडला आभाळ निरभ्र आहे म्हणून नदी शांत राहील असं नाही. वर ईसापूर धरण आहे. त्याचे दरवाजे उघडले की पाणी इथूनच खाली जातं. शिवाय धरणाच्या खाली कयाधू नदी येऊन मिळते, म्हणजे हिंगोली-कळमनुरीकडे रात्री झोडपलं तर सकाळी इथे पाणी चढतं, धरण बंद असलं तरी. निघायच्या आदल्या दिवशी किनवटचाच नव्हे, हिंगोली आणि पुसदचाही पाऊस पाहा. उन्हाळ्यात जाणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं: टंचाईत पिण्यासाठी ईसापूरमधून नदीत पाणी सोडतात. कोरड्या पात्रात गाडी लावून जेवायला बसणं एप्रिलमध्येही शहाणपणाचं नाही.

पाणी चढतंय हे कसं ओळखायचं? आधी रंग बदलतो. हिरवट पाणी चहासारखं होतं. मग काठाकाठाने फेस, काटक्या, पालापाचोळा वाहत येतो. आवाज जड होतो. पोचल्या पोचल्या पाण्याच्या रेषेला एक काठी रोवून ठेवा आणि दर अर्ध्या तासाने पाहा. काठीचं बूड पाण्यात गेलं की सामान नंतर, माणसं आधी वर. धबधब्याजवळचा काळा खडक आणखी दगा देतो. तो वरून कोरडा दिसतो, पण पाण्यालगतच्या हातभर पट्ट्यात शेवाळाचा पातळ थर असतो, आणि चप्पल तिथेच सटकते. खडकात रांजणासारखे खळगे पडलेले असतात. भरलेले असताना त्यांची खोली कळत नाही. मुलांना अशा खळग्यात पाय बुडवू देऊ नका.

तिसरी गोष्ट म्हणजे काळी माती. शेवटचा दीड-दोन किलोमीटरचा पांदण रस्ता जून ते सप्टेंबर कारच्या कामाचा नसतो. एका चांगल्या सरीनंतर माती चाकाला आणि मडगार्डला अशी चिकटते की चाक फिरायचंच थांबतं. मग जोरात रेस दिली की गाडी जागच्या जागी बूड टेकवते. अशा वेळी रेस देऊ नका. काडीने किंवा खुरप्याने मडगार्डमधली माती काढा, चाकापुढे पऱ्हाट्या किंवा कडबा टाका, सगळे उतरा आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळू काढा. त्यातूनही निघाली नाही तर ट्रॅक्टर. म्हणून डिक्कीत दहा मीटर जाड दोर आणि मालकांकडे जवळच्या ट्रॅक्टरवाल्याचा नंबर हवा. कार डांबरी सडकेवरच्या वस्तीत कुणाच्या दारात लावून पुढे चालत जाणं सगळ्यात सोपं.

पुलावरून पाणी वाहत असेल तर ‘घोट्याएवढंच आहे’ म्हणून गाडी घालू नये. फूटभर वाहतं पाणी छोटी कार उचलतं, आणि खालची फरशी अजून जागेवर आहे की वाहून गेली हे वरून दिसत नाही.

प्रश्न: आईला मधुमेह आहे, रोज इन्सुलिन लागतं. नदीकाठच्या ज्या लॉजवर जायचंय तिथे फ्रिज नाही, वीज येते-जाते. न्यावं का तिला?
– वाचक, अंबाजोगाई

उत्तर: हिवाळ्यात खुशाल न्या. वापरात काढलेली कुपी किंवा पेन साधारण तीस अंशांखालच्या खोलीत बहुतेक प्रकारांत चार आठवडे टिकतं. तुमच्या औषधाची नेमकी मुदत खोक्यातल्या चिठ्ठीवर असते. प्रश्न येतो तो राखीव कुपीचा आणि उन्हाळ्याचा. त्याला जुना उपाय चालतो: मोठ्या माठात ओली वाळू, वाळूत छोटं मडकं, मडक्यात झाकणाच्या डबीत कुपी, वर ओलं फडकं. सावलीत आणि वाऱ्याला ठेवा, वाळू दिवसातून दोनदा ओली करा. बर्फाला चिकटवून मात्र ठेवू नका. गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. आणि गाडीच्या डॅशबोर्डवर दहा मिनिटंही नको.

खरा धोका वेगळाच असतो. लॉजवर जेवण उशिरा येतं. ‘झालंच, पाचच मिनिटं’ म्हणत तास जातो, आणि इकडे इंजेक्शन घेऊन झालेलं असतं. ताट समोर आल्याशिवाय जेवणाआधीचं इंजेक्शन घ्यायचं नाही. घाम, थरथर, बडबड सुरू झाली तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, गाडी काढा.

विजेचंही विचारून घ्या. ‘इन्व्हर्टर आहे’ याला अर्थ नाही, बॅटरी किती ते विचारा. दीडशे अँपिअर-अवरची एक बॅटरी असेल तर दोन पंखे आणि चार दिवे धरून पाच-सहा तास समजा, तेही बॅटरी नवी असली तर.

प्रश्न: किनवटच्या रानात साप-विंचू आणि अस्वलांची भीती किती? मुलं खाली गाद्या टाकून झोपणार आहेत.
– वाचक, सेनगाव

उत्तर: मुलांना खाली झोपवू नका. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि बऱ्याचदा चावल्याचं कळतच नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, घरचे अपचन समजून ओवा देत बसतात. पलंग आणि कडा गादीखाली खोचलेली मच्छरदाणी एवढ्याने हा धोका बराच टळतो. पलंग नसेल तर खालीही मच्छरदाणी हवीच, चारही बाजूंनी खोचलेली. चावलाच तर आवळपट्टी नको, चिरा नको, मांत्रिक तर नकोच. तो अवयव फळीला सैलसर बांधून न हलवता, १०८ ला फोन किंवा आपल्या गाडीने सरळ रुग्णालय. किनवटच्या बाजूला असाल तर गोकुंद्याचं उपजिल्हा रुग्णालय. आपल्याकडच्या प्रतिविषाच्या कुपीत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांचा उतारा असतो, तेव्हा साप मारून पिशवीत आणायची गरज नाही.

विंचवाचं थोडं वेगळं. लाल विंचू चावल्यावर घाम, उलटी, हातपाय गार पडणं सुरू झालं तर तो नुसत्या वेदनेचा प्रश्न राहत नाही, हृदयावर ताण येतो. त्यावर प्राझोसिन हे औषध देतात. हा उपचार रुजवणारे डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे, आपल्याच मातीतले. बूट सकाळी झटकून घाला, सरपणाला उघडा हात लावू नका.

अस्वलाचं म्हणाल तर मार्च-एप्रिलच्या पहाटा जपायच्या. मोह गळतो, अस्वल तो खायला येतं आणि माणसं वेचायला जातात, तिथेच गाठ पडते. त्याची नजर अधू. अचानक जवळ गेलात तर ते घाबरूनच अंगावर येतं. पहाटे मोहाखाली फिरू नका, वाटेवर मोठ्याने बोलत चला. वाघ? यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्याचे वाघ फिरतात खरे. गळ्यात रेडिओ कॉलर असलेला एक तर २०१९ मध्ये तिथून निघून मराठवाडा ओलांडून बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. पण तुमच्या दोन रात्रींच्या मुक्कामात मण्यारीकडे जास्त लक्ष द्या.

प्रश्न: केअरटेकर म्हणतो, शिधा आणा, बाई स्वयंपाक करून देईल. आठ मोठ्यांना चार जेवणं आणि दोन न्याहाऱ्या. काय काय न्यावं?
– वाचक, जालना

उत्तर: ज्वारीचं पीठ पाच किलो, तांदूळ अडीच, तूरडाळ दीड, पोहे दीड किलो, तेल सव्वा लिटर, कांदे तीन किलो. बेसन किलोभर जास्तीचं असू द्या, भाजी संपली की पिठलं होतं. पीठ निघायच्या आदल्या दिवशीच दळून घ्या. महिनाभर पडलेल्या पिठाची विरी जाते, भाकरी थापताना कडा फाटतात, आणि दोष बिचाऱ्या बाईला लागतो. दूध गावात मिळतं, पण सकाळी डेअरीत जायच्या आत. आदल्या संध्याकाळी सांगून ठेवा. पाच किलोचा छोटा सिलिंडर एवढ्याला पुरून उरतो. अभयारण्याच्या हद्दीत सरपण गोळा करू नका, शेकोटी पेटवू नका. तो गुन्हा आहे. पिण्याचं पाणी माणशी रोज तीन लिटर धरा. नदीचं गढूळ पाणी घ्यायची वेळ आली तर तुरटी फिरवून निवळू द्या, वरचं गाळून खळखळून उकळा. गढूळ पाण्यात क्लोरीनची गोळी टाकून उपयोग नाही, तिची ताकद गाळातच संपते.

प्रश्न: दांडेलीला काळी नदीवरचं ‘रिव्हर व्ह्यू’ कॉटेज बुक करतोय. राफ्टिंगही पॅकेजमध्ये आहे म्हणतात. काय तपासावं?
– वाचक, लातूर

उत्तर: ‘व्ह्यू’ म्हणजे झाडांमधून कुठेतरी पाणी दिसतं. उतरून पाण्याला हात लावायचा असेल तर खोलीपासून काठ किती पावलं, असं विचारा. फोटो मागवा, पण खोलीच्या दारातून नदीकडे काढलेला. राफ्टिंग सुपा धरणातून पाणी सुटण्यावर आणि परवानगीवर चालतं, आणि ते सुरू होतं गणेशगुडीहून, दांडेली गावापासून साधारण पंचवीस किलोमीटरवर. तिथे न्यायची गाडी पॅकेजमध्ये आहे का, आणि पाणी सुटलं नाही तर राफ्टिंगचे पैसे परत मिळतात का, हे दोन्ही लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर असलं तरी चालेल. वीजनिर्मितीसाठी पाणी सुटलं की पातळी वर-खाली होते. खडकावर काढून ठेवलेल्या चपला बऱ्याचदा परत मिळत नाहीत.

प्रश्न: नदीत गळ टाकून मासे धरता येतील का?
– वाचक, हदगाव

उत्तर: अभयारण्यात नाही. धरणाच्या जलाशयात मासेमारीचा हक्क बहुधा सहकारी संस्थेकडे असतो, त्यांना विचारा. नाहीतर सकाळी जाळं काढणाऱ्या भोयांकडून ताजी मरळ विकत घ्या, आणि ती तिथेच साफ करून घ्या. राख चोळल्याशिवाय ती हातात राहत नाही.