"प्रोव्हिजनल फाइल केलंय" म्हणजे नेमकं काय लिहून दिलंय?

निफाडकडच्या एका वाचकाने विचारलंय की द्राक्षघडांच्या थिनिंगसाठी (मणी विरळ करायला) नवीन कात्री बनवलीय, "पेटंट पेंडिंग" आहे (अर्ज केलाय, मंजुरी बाकी), पुढच्या महिन्यात क्राउडफंडिंगची मोहीम सुरू होतेय, कुणी आयडिया ढापली तर केस कुठे टाकायची? असे मेल दर महिन्याला येतात, फक्त वस्तू बदलते. नुसत्या आयडियावर मालकी नसते हे प्रवचन मी देत बसत नाही.

केस नंतर बघू, आधी तुमचं प्रोव्हिजनल, म्हणजे तारीख धरून ठेवायला दिलेला पेटंटचा प्राथमिक अर्ज. सोबत पाठवलंत ते बरं केलंत. दीड पान मजकूर, "सुधारित विरळणी हत्यार" असं नाव आणि मोबाईलवर काढलेला एक फोटो, ज्यात अर्धी कात्री तुमच्याच अंगठ्याखाली गेलीय. पात्यामागची जी स्प्रिंग शेजारच्या मण्याला ओरखडा पडू देत नाही, म्हणजे जो सगळा खेळ आहे, तिच्याबद्दल एक शब्द नाही आणि मोहिमेच्या व्हिडिओत मात्र तुम्ही कात्री खोलून तीच स्प्रिंग हौसेने दाखवताय. पेटंट एजंटने स्वस्तात करून दिलं म्हणता, पण सही तर तुमची आहे ना, वाचलं का नाही?

पेटंट कायद्याचं कलम ११ बघा. दाव्याला, म्हणजे शोधातल्या ज्या गोष्टीवर हक्क मागता तिला, प्रोव्हिजनलची तारीख तेव्हाच मिळते जेव्हा तो दावा त्यात लिहिलेल्या मजकुरातून निघतो. स्प्रिंग लिहिलीच नाही तर स्प्रिंगच्या दाव्याला तारीख मिळणार ती कम्प्लीट स्पेसिफिकेशनची, म्हणजे नंतर द्यायच्या पूर्ण तपशिलाची, आणि तोवर व्हिडिओ जगजाहीर, म्हणजे तुमचं पेटंट तुमच्याच व्हिडिओने मारलं. अमेरिकेत स्वतः जाहीर केलं तरी एक वर्षाची सूट असते, आपल्याकडे तशी सरसकट नाही. कलम ३१ मध्ये प्रदर्शनाची सवलत आहे, पण केंद्र सरकारने गॅझेटमध्ये जाहीर केलेल्या प्रदर्शनापुरती. मोहिमेचं पेज काही त्यात बसत नाही.

उपाय आहे, आणि महागही नाही. मोहिमेच्या आधी दुसरं प्रोव्हिजनल टाका, स्प्रिंग, चकती, मापं, पर्यायी रचना, ड्रॉइंग सगळं घालून. एका व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन सरकारी फी १६०० रुपये. मग कलम ९ खाली दोन्ही मिळून एकच कम्प्लीट, पण पहिल्यापासून १२ महिन्यांच्या आत, आणि तुमचे नऊ गेलेत. मुदत चुकली तर पहिला अर्ज सोडून दिल्यात जमा. कुणी म्हणेल अर्जाची तारीखच पुढे सरकवून घेऊ, तशी सोय आहेही, पण व्हिडिओ बाहेर पडल्यावर ती घेणं म्हणजे पायावर धोंडा.

कात्रीचा आकारही वेगळा असेल तर डिझाइनचा अर्जही व्हिडिओआधीच करा, तिथेही आधी जाहीर केलेलं चालत नाही.

बाकीचं मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. शेजाऱ्यांच्या बागेत कात्री चालवून पाहिली ते कलम ३२ मधल्या "वाजवी चाचणी"त बसू शकेल, वर्षाच्या आतली असेल तर आणि कात्री विकली नसेल तर. व्हॉट्सअॅपवर पाच-सहा जणांना "फॉरवर्ड करू नका" म्हणून व्हिडिओ पाठवलात, त्यावर भांडता येईल. विश्वासाने सांगितलेल्या कल्पनेला मुंबई हायकोर्टाने २००३ मध्ये झी टेलिफिल्म्सविरुद्ध सनडायल कम्युनिकेशन्स प्रकरणात संरक्षण दिलंय. पण ग्रुपवर टाकला असेल तर अवघड आहे. आणि केसचं म्हणाल तर पेटंट मंजूर होईपर्यंत खटलाच भरता येत नाही, नंतर भरला आणि समोरच्याने पेटंट रद्द करा म्हणून प्रतिदावा केला की प्रकरण हायकोर्टात, तिथे तुमच्या किती छाटण्या होऊन जातील देव जाणे.

एक राहिलं. पैसे देणाऱ्यांना "कंपनीत शेअर देऊ" असं पेजवर लिहिलंय ते आजच काढा. शेअर असे जाहिरात करून वाटता येत नाहीत, प्रायव्हेट प्लेसमेंटला (निवडक लोकांना खाजगीत शेअर देण्याला) वर्षाला २०० माणसांची मर्यादा आहे आणि जाहिरातीला बंदी. कात्री द्या, टोपी द्या, शेअर नको.

व्हिडिओ कुणाला कधी पाठवला त्याची तारखेनिशी यादी करा आणि नवीन ड्रॉइंगसकट एजंटकडे सोमवारी जा. या वेळी सही करण्याआधी वाचा.