शनिवारची शेव उसळ आणि सालसाचा क्लास

"मॅडम, आधी माझी लाज जाऊ दे, मग मी क्लासला जाईन." मी समुपदेशन करते, आणि हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय याचा हिशोब नाही, फक्त क्लास बदलत राहतो, कधी स्विमिंग, कधी इंग्लिश स्पीकिंग, आणि हल्ली कपल डान्स. सालसा-बचाटाची हौस आता बडोद्यातही पुष्कळांना आहे, पण समोर अनोळखी पार्टनर उभा राहिला की तळवे भिजतात, जीभ टाळ्याला चिकटते, आणि मग लोक मला विचारतात की आमच्यासारख्या लाजाळू माणसांनी या भानगडीत पडावं का? एक केसच सांगते. ओळख पटणार नाही इतके तपशील बदललेत, आणि त्याला आपण नाना म्हणू, मराठी घरात एखादा नाना असतोच.

नाना ३१ वर्षांचा, घर दांडिया बाजारात, नोकरी मकरपुऱ्याला. तीन महिन्यांची फी एकदम भरली, दोन क्लास केले आणि तिसऱ्या शनिवारी पाय उचलेना. एवढे पैसे नाचावर घातले म्हणून आई आधीच कुरकुरत होती, तिला काय सांगणार? मग हा दर शनिवारी सहाला शूज पिशवीत घालून घरून निघायचा, गाडीवर शेव उसळ खायचा, सुरसागर तलावाच्या काठी बसून साडेसात वाजवायचा आणि घरी परत. असे पाच शनिवार. "वजन पण वाढलं मॅडम," हेही अगदी गंभीरपणे सांगितलं त्याने.

गंमत म्हणजे हाच नाना नवरात्रात नऊच्या नऊ रात्री केडियू, म्हणजे गरब्याचा घेरदार अंगरखा, घालून गरबा खेळतो. मी म्हटलं, अरे मग लाजाळू कसला तू? तर म्हणे तिथे कोण बघतंय. खरंय ते. आपल्याकडच्या मोठ्या गरब्यात हजारो लोक एका चालीत फिरत असतात, गाणारे मध्ये, तू चुकलास तरी रिंगण तुला ओढत पुढे नेतं. सालसात रिंगण नाही, हातभर अंतरावर एकच माणूस, आणि दर काही मिनिटांनी सर ओरडतात "चेंज पार्टनर", की पुन्हा नवीन चेहरा, पुन्हा नवीन हात.

क्लासमध्ये नक्की काय होतं ते मी खोदून खोदून विचारलं. सालसाची मोजणी आठची, पण पावलं सहाच, एक-दोन-तीन, चारला थांबा, पाच-सहा-सात, आठला थांबा. एकवर लीड करणारा, म्हणजे कुठे वळायचं ते हाताने सुचवणारा, डावा पाय पुढे टाकतो, समोरची उजवा मागे नेते. नानाला हे सगळं पाठ होतं, घरी आरशासमोर बिनचूक यायचं. मुलगी समोर आली की मात्र चार उद्योग एकदम सुरू. हात पँटला पुसणं, मान खाली घालून पायाकडे बघणं, प्रत्येक पावलाला सॉरी, आणि तिचा हात असा धरणं की जणू भाजलेला पापड, जरा दाबला तर मोडेल.

आता यात लाज किती आणि हे उद्योग किती? क्लार्क आणि वेल्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये हेच मांडलं होतं. घाबरलेल्या माणसाचं सगळं लक्ष आत वळतं, मी कसा दिसतोय, घाम कळला का तिला, आणि तो स्वतःला वाचवायला ज्या युक्त्या करतो त्यांनीच गोष्ट बिघडते. ढिल्या हातातून समोरचीला इशाराच पोचत नाही, ती चुकीकडे जाते, मग हा सॉरी, आणि ह्याला वाटतं बघा मला जमत नाही.

इथे माझीही एक चूक झाली, सांगून टाकते. पहिल्या सेशनला मी त्याला पुस्तकी सल्ला दिला, डोळ्यात बघ आणि हस. पठ्ठ्याने पुढच्या शनिवारी जाऊन तेच केलं, डोळे न मिटता, अख्खं गाणंभर. शेवटी ती मुलगी घाबरून म्हणाली, "शुं थयुं?" म्हणजे काय झालं. नाना तिथून तडक शेव उसळीच्या गाडीवर.

मग मी सल्ला गुंडाळून ठेवला आणि कपाटातून नॅपकिन काढला. एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या. म्हटलं, तोंडाने काही सांगायचं नाही, फक्त नॅपकिनवरून मला खोलीभर फिरव, आणि तो ढिला पडू द्यायचा नाही, खेचायचाही नाही. माझे गुडघे चोपन्न वर्षांचे, खोली दहा बाय बारा, मधे टीपॉय. पहिली दोन मिनिटं नॅपकिन दोरीवर वाळत घातल्यासारखा लोंबत होता. तिसऱ्यांदा मी टीपॉयवर आपटले तेव्हा नाना ओरडला, "अहो मॅडम, उजवीकडे!" आणि नॅपकिन ताठ. त्यानंतर सात-आठ मिनिटं आम्ही फिरलो. बसल्यावर विचारलं, हाताला घाम होता का? तो तळव्याकडे बघत राहिला. असणारच म्हणे, लक्ष नव्हतं.

मला हेच हवं होतं. लाज जाऊन मग नाच येत नाही हो, लक्ष नॅपकिनवर गेलं की लाजेला बसायला जागा कमी उरते, एवढंच.

पुढचा गृहपाठ छोटा होता. नजर समोरचीच्या खांद्यावर. सॉरी फक्त खरंच पाय तुडवला तर. सुरुवातीलाच एक वाक्य, "मी नवीन आहे, दुखलं किंवा ऑकवर्ड वाटलं तर सांगा," कारण जवळ उभं राहण्यात तिलाही संकोच असतो, हे लाजाळू मुलांच्या लक्षातच येत नाही, ती स्वतःच्याच काळजीत बुडालेली असतात. आणि एकदा मुद्दाम चुकायचं, चारला न थांबता, आणि कोणाला कळतंय ते बघायचं. गिलोविच या मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली एक प्रयोग छापला होता, विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टीशर्ट घालून खोलीत पाठवलं, त्यांना वाटलं जवळजवळ निम्म्या लोकांनी बघितला असेल, प्रत्यक्षात साधारण पाव लोकांनीच. नानाने मुद्दाम चूक केली तेव्हा पार्टनरने तर काही बघितलंच नाही, ती तोंडातल्या तोंडात स्वतःचे आकडे मोजत होती.

सगळ्यांचं इतकं सोपं नसतं हेही सांगते. सहा महिन्यांहून जास्त काळ ही भीती प्रत्येक ठिकाणी आडवी येत असेल, मीटिंग टाळणं, फोन न उचलणं, चारचौघांत जेवताही न येणं, तर तो नुसता लाजाळूपणा नसू शकतो, सोशल अँग्झायटी असू शकते, आणि तिच्यावर नीट उपचार आहेत. डान्स क्लास हा त्याला पर्याय नाही. कोणाकडे जावं कळत नसेल तर सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६ वर फोन करा, पैसे पडत नाहीत. आणि क्लासला जाण्याआधी धीर यावा म्हणून "थोडीशी" घेऊन जाणारेही भेटलेत मला, ते कृपया नको, त्यात तोल तर जातोच, आणि समोरचीला वास येतो.

नानाचा घाम अजून आहे. आता दोन रुमाल नेतो, गाणं संपलं की उघडपणे पुसतो. आमच्या गडबडीत त्याचे उरलेले क्लास लॅप्स झाले होते, फी परत भरावी लागली, आणि या वेळी आईला खरं काय ते सांगून भरली, ती दोन दिवस बोलली नाही. शेव उसळ चालूच आहे, फक्त आता क्लासनंतर, आणि बरोबर बॅचमधले तिघं-चौघं असतात. बिल अजून हाच देतो, नको म्हणायची लाज वाटते म्हणे. त्यासाठी पुढच्या बुधवारी येतोय.