‘जनमत चाचणी’ नव्हे, कौल म्हणा

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात राहणाऱ्या एका वाचक भगिनीनं विचारलंय: इथल्या महापालिकेचा कारभार लोकांनी थेट निवडलेल्या ‘मेयर’नं चालवावा की नगरसेवकांच्या समित्यांनी, यावर ५ मे २०२२ ला मतदान झालं. त्याबद्दल मराठीत लिहिताना मी ‘जनमत चाचणी’ लिहिलं, मैत्रीण म्हणते ‘सार्वमत’ हवं. खरं काय? आणि या ‘मेयर’ला महापौर म्हणायचं का?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. मैत्रिणीचं बरोबर, तुमचं चूक. चाचणी म्हणजे अंदाज घेणं. हजार-दोन हजार माणसांना गाठून त्यांचं मत विचारलं, टक्केवारी छापली, संपलं. त्यानं कुणाची खुर्ची हलत नाही. ब्रिस्टलमध्ये ती हलली. ५९ टक्के मतं समित्यांना, ४१ टक्के मेयरला. हा निकाल पालिकेवर बंधनकारक होता, म्हणून मे २०२४ मध्ये तेव्हाचे मेयर मार्विन रीस यांची मुदत संपली तेव्हा त्यांच्यासोबत ते पदही गेलं. पद मोडीत काढणाऱ्या मतदानाला चाचणी म्हणणं म्हणजे न्यायाधीशाच्या निकालाला ‘कायदेविषयक सल्ला’ म्हणण्यासारखं आहे. तरी आपली वर्तमानपत्रं कितीदा तरी हेच लिहितात. स्कॉटलंड असो, ब्रेक्झिट असो, कुणीतरी चाचणी लिहितंच.

पण ‘सार्वमत’सुद्धा मला मनापासून पटत नाही. त्या दिवशी ब्रिस्टलमध्ये शंभरातले जेमतेम एकोणतीस मतदार मतदानाला आले. त्यात ‘सार्व’ काय? याहून नेमका शब्द आपल्या घरात पडून आहे. तो म्हणजे कौल.

हा शब्दही आपण झिजवून टाकलाय. मतमोजणीच्या दिवशी सकाळी वाहिन्यांवर ‘सुरुवातीचे कौल हाती येत आहेत’ असं ऐकलं की मला राहवत नाही. येतात ते कल! कलणे या क्रियापदातला कल. तराजू कलतो, दुपार कलते, तसं मतमोजणीचं पारडं कलतं. संध्याकाळपर्यंत ते दुसरीकडेही कलू शकतं. कौल एकदा लागला की लागला.

कौल मूळचा अरबी. ‘क़ौल’ म्हणजे बोलणं, उच्चारलेला शब्द. कव्वाल आणि कव्वाली याच धातूची लेकरं, हे समजलं त्या दिवशी मला झालेला आनंद अजून आठवतो. फारसीतून तो आपल्या दफ्तरांत आला तो वचनाच्या अर्थानं. शिवकाळात उजाड जमीन लागवडीला आणण्यासाठी रयतेला ‘इस्तावा कौल’ देत. पहिल्या वर्षी सारा नाममात्र, मग दर वर्षी थोडा थोडा वाढत जाऊन काही वर्षांनी पुरा. तो कागद हाती पडल्यावरच कुळवाडी औत धरत असे. कौल मोडला तर गाव पुन्हा ओस. कौलात बांधिलकी आहे ती अशी, देणाऱ्याला बांधणारी.

हाच शब्द कोकणात देवळात गेला. सिंधुदुर्गातल्या आमच्या ग्रामदेवतेपुढे लहानपणी पाहिलेलं सांगतो. गुरव पाषाण भिजवतो, ओल्या पाकळ्या उजवीकडे आणि डावीकडे चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो. मागून सगळे ‘होय महाराजा’ म्हणतात. मग कुणी बोलत नाही, सगळ्यांचे डोळे पाकळ्यांवर. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. माझ्या काकांनी एकदा ‘विहीर खंय खणू?’ असं विचारलं, तर गुरवानं त्यांना थांबवलं. म्हणाला, असं नाही विचारायचं. ‘फणसाखाली खणू काय?’ असं विचारा. देव पत्ता सांगत नाही, हो किंवा नाही सांगतो.

ब्रिस्टलची मतपत्रिका हुबेहूब अशीच होती. शहराचा कारभार कसा चालावा? मतदारांनी निवडलेल्या मेयरमार्फत, की निवडून आलेल्या नगरसेवकांच्या एक वा अधिक समित्यांमार्फत? दोनच पाकळ्या. प्रचारातला खरा वाद या शब्दांच्या बाहेर राहिला. समितीवाले (ग्रीन, लिबरल डेमोक्रॅट आणि हुजूर पक्ष) म्हणत होते की सगळी सत्ता एका माणसाच्या हाती गेलीय आणि आमचे नगरसेवक नुसते बसून आहेत. मजूर पक्षाची बाजू अशी की समित्यांत निर्णय रखडतात आणि जाब विचारायला एक चेहरा उरत नाही. मतपत्रिकेवर यातलं एक अक्षर नव्हतं. निवडणुकीत दहा उमेदवार असतात, त्यातून निघतो तो निकाल. कौल दोन उत्तरांच्या प्रश्नालाच लागतो. म्हणून ‘विधानसभेचा कौल’ हा प्रयोगही मी मानत नाही.

देवळातला कौल वेगळा, तो संस्कृत ‘कुल’वरून आलाय, तांत्रिक कौल पंथातून, असं काही विद्वान ठासून सांगतात. मला हे साफ अमान्य आहे. पंथाच्या नावातून पाकळी पडण्याचा अर्थ कसा निघाला, ते त्यांनी दाखवावं. ‘देवाचा शब्द’ हा अर्थ अरबीतून सरळ येतो. देवळात अरबी शब्द नको, एवढ्याच हट्टापायी ही ओढाताण चाललीय.

कुणी म्हणेल, मतदानासाठी कौल हा तुमचा शोध. नाही, गोव्यानं तो केव्हाच वापरलाय. १६ जानेवारी १९६७ ला महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही यावर गोव्यात मतदान झालं. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे संघप्रदेशच राहायचं. विलीनीकरणाच्या बाजूनं १,३८,१७० मतं, विरोधात १,७२,१९१. कायद्यात त्याचं नाव ‘ओपिनियन पोल’, म्हणजे चाचणीच. गोव्यातल्या मराठी वृत्तपत्रांनी मात्र ‘जनमत कौल’ असा शब्द रुळवला. तिथे देवाला कौल लावणारी माणसं आहेत, त्यांना फरक बरोबर कळला. आपल्या गावातली दारूबंदीची उभी बाटली-आडवी बाटली हासुद्धा असाच कौल. शिवाय तिथे एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडवी बाटली निवडावी लागते, नुसतं आलेल्यांचं बहुमत चालत नाही. ब्रिस्टलला अशी अट असती तर काय झालं असतं, हे त्या एकोणतीस टक्क्यांवरून दिसतंच आहे.

मेयरबद्दल सांगायचं राहिलं. ‘महापौर’ हा सावरकरांनी दिलेला शब्द, पौर म्हणजे नगरवासी, त्यांच्यातला थोर. आपल्याकडे महापौराला नगरसेवक निवडतात आणि प्रशासनाची सूत्रं आयुक्तांच्या हाती असतात. ब्रिस्टलमध्ये असा मानाचा माणूस अजूनही आहे, त्याला लॉर्ड मेयर म्हणतात. त्याला खुशाल महापौर म्हणा. जे पद रद्द झालं त्यावरचा माणूस आपलं मंत्रिमंडळ स्वतः नेमत होता, शहराचे निर्णय स्वतः घेत होता. त्याच्यासाठी मी ‘कारभारी’ लिहीन. मतपत्रिकेवर विचारलं होतं तेही कारभाराबद्दलच.