सर्वांची मिळून एक प्रार्थना?

प्रश्न : ताई, आमच्या वसाहतीत अनेक धर्मांची माणसं राहतात. हल्ली अबोला वाढलाय. सर्वांना चालेल अशी एक प्रार्थना लिहावी असं वाटतं. जमेल का?

उत्तर : तुमची तळमळ पोचली. पण सुरुवात प्रार्थना लिहिण्यापासून नको. सर्वांना चालेल असं लिहायला बसलं की ज्याला जे सर्वांत प्रिय, तेच आधी गाळलं जातं.

२७ ऑक्टोबर १९८६ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी इटलीतल्या असिसीत जगभरच्या धर्मप्रमुखांना बोलावलं. दलाई लामाही आले होते. प्रत्येक धर्माच्या लोकांनी आधी वेगळ्या जागी, आपापल्या रीतीने प्रार्थना केली. मग सगळे एकत्र जमले आणि तिथेही प्रार्थना एकामागून एक झाल्या. एकाची चालू असताना बाकीचे ऐकत होते. मला हे फार मोलाचं वाटतं. कुणाला काही सोडावं लागलं नाही.

तुम्हीही आधी चार-पाच जणांना बोलवा. दुःखाच्या वेळी मन कशाने सावरतं, एवढंच प्रत्येकाने सांगावं. मध्ये कुणी बोलू नये. देव न मानणाऱ्यांनाही आवर्जून बोलवा (त्यांना नेहमी वगळलं जातं). आणि पहिलं आमंत्रण, ज्यांच्याशी अबोला आहे त्यांना, स्वतः जाऊन द्या.