अरबीतलं 'फसील' म्हणजे उंटाचं पिल्लू की किल्ल्याची भिंत?

दोन्ही. पण 'उंटाचं पिल्लू' एवढंच लिहून मोकळ्या होणाऱ्या कोशांशी माझं जुनं भांडण आहे. त्यात वय हरवतं, आणि वय हाच या शब्दाचा जीव.

आईला लुचतं ते 'हुवार'. दूध तोडलं की 'फसील'. फे-साद-लाम या तीन अरबी अक्षरांच्या धातूचा अर्थच वेगळं करणं, आणि 'फिसाल' म्हणजे दूध तोडणं. कुराणात (31:14) माणसाच्या मुलाचं दूध दोन वर्षांत तुटतं असं म्हटलंय, तिथे हाच शब्द येतो.

तोडायचं कसं? सांडणीचे सड दोरीने बांधत, ती दोरी 'सिरार'. नाहीतर पिल्लाच्या जिभेत काडी अडकवत, ती 'खिलाल'. घाई मात्र अंगाशी येते: पिल्लू आधी थोडं लुचल्याशिवाय सांडणी सहसा पान्हा सोडत नाही, आणि ते एकदम दूर केलं तर ती आटते.

पुढची नावंही अशीच नेमकी. दुसऱ्या वर्षातली मादी 'बिन्त मखाद', गाभणीची लेक, कारण एव्हाना आई पुन्हा गाभण राहिलेली असते. तिसऱ्यात 'बिन्त लबून', दुभतीची लेक. चौथ्यात 'हिक्का', ओझं वाहण्याजोगी. जकातीत (नाक्यावरची नव्हे, इस्लाममधलं सक्तीचं दान) 25 उंट झाले की एक बिन्त मखाद, 36 झाले की बिन्त लबून, 46 ला हिक्का. सगळ्यांना 'पिल्लू' म्हणणाऱ्यांनी हा हिशेब मांडून दाखवावा!

भिंतीचं थोडक्यात: मुख्य तटापुढे, त्यापासून वेगळी उभी असलेली ठेंगणी भिंत म्हणजे फसील. उर्दूत शहराच्या अख्ख्या तटालाच फसील म्हणतात.

खजुराच्या बुंध्याशी फुटणाऱ्या रोपाला 'फसीला' म्हणतात, ते यात मिसळू नका. त्यात साद नाही, सीन आहे. धातूच वेगळा, देवनागरीत फक्त सारखा दिसतो.

आणि हा धातू आपल्याला परका नाही. फैसला, महसुली कागदांतलं फसली साल आणि आपला तपशील (मूळ 'तफसील', सुटं सुटं करून सांगणं) ही सगळी फसीलची भावंडं. 'तपशील'ची 'तप' आणि 'शील' अशी फोड कुणी करून दाखवली तर सरळ चूक म्हणा.

एक राहिलं. जुन्या अरबी कोशांप्रमाणे दूध तुटलेल्या गाईच्या वासरालाही क्वचित फसील म्हणत. म्हणजे 'उंटाचं' हा भागसुद्धा दर वेळी खरा नाही. 'दूध तुटलेलं' हा मात्र खरा.