लिस्बन किती तासांवर?

गोव्याहून लिस्बनला जाणाऱ्यांचे तेच ते प्रश्न दर आठवड्याला येतात. गोंधळही तोच. म्हणून या वेळी एकत्र उत्तरे देतो.

गोवा ते लिस्बन अंतर किती? थेट विमान आहे का? (फोंडा)

हवाई अंतर सुमारे 8,300 किलोमीटर. थेट विमान नाही.

मोबाइल साडेदहा तास दाखवतो, एजंट सतरा सांगतो. खरे कोण? (म्हापसा)

एजंट. मोबाइलने अंतराला वेगाने भागले, एवढेच. दोहामार्गे गेलात तर पहिला टप्पा साधारण 4 तासांचा, दुसरा 8 च्या आसपास, आणि वेळ खातो तो मधला थांबा. दोहा जवळजवळ सरळ वाटेवरच असल्याने अंतर फारसे वाढत नाही.

तिकिटावर पहाटे 4 ला सुटून दुपारी 3.30 ला पोहोचते असे आहे. म्हणजे साडेअकरा तासच ना? (पेडणे, जानेवारीचा प्रवास)

नाही, सतरा. तिकिटावर प्रत्येक ठिकाणची स्थानिक वेळ असते. हिवाळ्यात लिस्बन आपल्या साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. आणि तारीख नीट वाचा. 12 तारखेच्या पहाटे 4 चे विमान म्हणजे 11 च्या रात्रीच विमानतळावर हजर. 12 च्या रात्री बॅगा घेऊन येणारे आजही भेटतात.

गोवा-मुंबई वेगळे आणि मुंबई-लिस्बन वेगळे तिकीट काढले तर बरेच पैसे वाचतात. मध्ये अडीच तास आहेत. पुरतील? (डिचोली)

नाही पुरणार. हे मी सांगून थकलो, तरी पुन्हा सांगतो. दोन वेगळी तिकिटे म्हणजे दोन वेगळे करार. पहिले विमान पावसात तासभर रखडले, तर दुसऱ्या कंपनीचा त्याच्याशी काही संबंध नाही; तिच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. मुंबईत सामान पट्ट्यावरून उचलायचे आणि पुन्हा चेक-इन करायचे. टी वनला (मुंबईच्या टर्मिनल 1 ला) उतरलात तर रस्त्याने टी टू (टर्मिनल 2) गाठायचे. आंतरराष्ट्रीय काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या एक बाई पट्ट्यापाशी आंबोशी-सोलांची पिशवी घेऊन उभ्या होत्या, बॅग येईना, आणि तिकडे काउंटर बंद झाला. नवे तिकीट वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट पडले. ‘शेजाऱ्याचे जमले होते’ हा आधार नव्हे. असे तिकीट स्वस्त म्हणून विकणारा ही जोखीम सांगत नाही, याची मला चीड येते. सगळा प्रवास एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर, घ्या आणि ‘सामान थेट लिस्बनपर्यंत जाईल का’ हे कंपनीलाच विचारा. वाटेतल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे त्या देशाच्या दूतावासाकडून पैसे भरण्याआधी विचारून घ्या.

मोपा की दाबोळी? (मडगाव)

गोव्यात हे दोन विमानतळ आहेत. तिकिटावरचा कोड पाहा: जीओएक्स म्हणजे मोपा, जीओआय म्हणजे दाबोळी.

आई 74 वर्षांची, दोन महिन्यांपूर्वी बायपास झाली. नेऊ का? (साखळी)

हे मी ठरवू शकत नाही. हृदयरोगतज्ज्ञांना विचारा, त्यांनी हो म्हटले तर लेखी घ्या, आणि कंपनीला तिकीट काढण्यापूर्वीच कळवा. काही कंपन्या स्वतःचा वैद्यकीय अर्ज भरून मागतात. इतका वेळ एका जागी बसल्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो, त्याबद्दलही डॉक्टरांशीच बोला. व्हीलचेअर तिकिटासोबतच नोंदवा. औषधे चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत, बॅगेत नाही.