सहा केंद्रांची पंधरा दिवसांची व्हीएलबीआय मोहीम कशी आखावी

नमस्कार सर,

अमळनेरच्या आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना भूगणितासाठी, म्हणजे पृथ्वीचा आकार आणि फिरणे मोजण्यासाठी, रेडिओ दुर्बिणींची पंधरा दिवसांची व्हीएलबीआय मोहीम (दूरदूरच्या दुर्बिणींनी एकच स्रोत एकाच वेळी पाहण्याची पद्धत) कागदावर आखायची आहे, त्यात सहा केंद्रे धरायची आहेत आणि त्यांपैकी एक काल्पनिक केंद्र खान्देशात असावे, असे आपण लिहिले आहे. मोहीम चालू असताना एखादे केंद्र बंद पडले तर समन्वयकाने काय करायचे, हेही आपण विचारले आहे. या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीच्या उत्तरांची मेख त्यातच आहे: बहुतेक वेळा त्याने काहीही करू नये. मी काही वर्षे परदेशातील एका केंद्रावर निरीक्षक होतो आणि नंतर वेळापत्रके तयार करणाऱ्या गटात होतो. आता भुसावळला असतो. त्या कामात नव्याने येणाऱ्यांना हीच गोष्ट पटायला सर्वांत जास्त वेळ लागत असे.

निरीक्षण चालू असताना केंद्रे एकमेकांशी बोलत नाहीत. प्रत्येक केंद्राकडे वेळापत्रकाची तीच एक फाइल असते. त्यातून त्या केंद्राचा संगणक स्वतःपुरत्या आज्ञा काढतो आणि दुर्बीण ठरलेल्या सेकंदाला ठरलेल्या क्वेसारकडे, म्हणजे अतिदूरच्या रेडिओ स्रोताकडे, वळते. हजारो किलोमीटरवरच्या दुसऱ्या दुर्बिणीने त्याच क्षणी तोच स्रोत धरला आहे की नाही, हे कोणालाच तेव्हा ठाऊक नसते. ते कळते विदा कोरिलेटरवर, म्हणजे सगळ्या केंद्रांच्या नोंदी एकमेकींशी जुळवणाऱ्या संगणकावर, पोहोचल्यावर, म्हणजे काही तासांनी, दिवसांनी किंवा, अंटार्क्टिकावरील केंद्र असेल तर, काही महिन्यांनी. त्यामुळे एक केंद्र पडले म्हणून चालू वेळापत्रकात हात घातला आणि नवी फाइल पाचांपैकी चारच केंद्रांनी वेळेत उचलली, तर जे चांगले चालले होते तेही बिघडते. सहा केंद्रांच्या 15 आधाररेषा, म्हणजे दोन-दोन केंद्रांच्या जोड्या, होतात आणि पाचांच्या 10. म्हणजे एका केंद्राने एक तृतीयांश आधाररेषा जातात, आणि ते नुकसान मोठेच आहे. पण ते मोजता येते. दोन फाइलींच्या घोळाचे नुकसान मोजताही येत नाही. केंद्र मोहिमेच्या एक-दोन दिवस आधीच पडले असेल, तर मात्र वेळापत्रक नव्याने करावे आणि ते केंद्र परतल्यास त्याला मागाहून जोडलेले केंद्र म्हणून घ्यावे, म्हणजे इतरांचा क्रम जराही न बदलता त्याला जे स्रोत दिसतात तेवढेच त्याने पाहावेत.

आता पंधराच दिवस का, आणि तेही सलग का, ते पाहू. आंतरराष्ट्रीय व्हीएलबीआय सेवा, जी 1999 पासून काम करते आहे, ती एरवी आठवड्यातून दोनदा चोवीस तासांची सत्रे घेते. सोमवारचे सत्र जागतिक वेळेनुसार 17:00 वाजता, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहाला सुरू होते. याशिवाय पृथ्वीच्या फिरण्याची वेळ, म्हणजे यूटी1, मिळवण्यासाठी जवळजवळ रोज एक तासाचे छोटे सत्र असते. यूटी1 मध्ये एक मिलिसेकंदाची चूक म्हणजे विषुववृत्तावर सुमारे 46 सेंमी आणि आपल्या 21 अंश अक्षांशावर सुमारे 43 सेंमी. उपग्रहांच्या कक्षांवरून ही वेळ निखळपणे काढता येत नाही, कारण कक्षेचे वळणे आणि पृथ्वीचे फिरणे एकमेकांत मिसळून जाते; त्यासाठी न हलणारे दूरचे क्वेसारच लागतात. रावेर-यावलकडे केळीच्या बागांची मोजणी करायला येणारा रोव्हर (उपग्रहांवरून जागा मोजणारे यंत्र) ज्या संदर्भचौकटीत आकडे देतो, तिच्या मुळाशी हेच काम आहे. पण महासागरांच्या भरती-ओहोटीमुळे पृथ्वीच्या फिरण्यात दिवसातून एकदा-दोनदा जे दहा-वीस मायक्रोसेकंदांचे चढउतार होतात, ते आठवड्यातून दोन सत्रांत पकडता येत नाहीत. त्यासाठी 1994 पासून काही वर्षांच्या अंतराने ‘कॉन्ट’ नावाच्या सलग मोहिमा झाल्या. 2014 च्या मोहिमेत 17 केंद्रे होती. 2017 ची मोहीम 28 नोव्हेंबर ते 12 डिसेंबर अशी चालली आणि तीत तीन वेगवेगळी जाळी वापरली गेली. आपल्या विद्यार्थ्यांनी याच मोहिमांचा साचा घ्यावा.

केंद्रांची निवड हा या प्रकल्पातला सर्वांत रंजक भाग आहे आणि खान्देशची जागा त्यात खरोखरच चांगली आहे. जळगाव 21 अंश उत्तर आणि साडेपंचाहत्तर अंश पूर्वेला धरले, तर जर्मनीतील वेटझेल आणि जपानमधील इशिओका ही दोन्ही केंद्रे आपल्यापासून सरळ रेषेत, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून, सुमारे 6,000 किमीवर येतात. दक्षिण आफ्रिकेतील हार्टेबीस्थूक सुमारे 7,000 किमीवर. हवाईतील कोकी पार्क मात्र साडेदहा हजार किमीवर आहे, आणि विद्यार्थी बहुधा इथेच फसतील, कारण लांब आधाररेषा म्हणजे जास्त अचूकता असे पुस्तकी समीकरण ते पाठ करून येतील. जळगाव आणि कोकी पार्क यांच्या डोक्यावरच्या बिंदूंमध्ये आकाशात सुमारे 111 अंशांचे अंतर पडते. दोघांनाही एकाच वेळी दिसणारा स्रोत कुठल्या तरी एका ठिकाणी सुमारे 35 अंशांच्या वर जाऊच शकत नाही. म्हणजे निरीक्षणे सगळी क्षितिजाकडची, जाड हवेतून आलेली, आणि सामायिक आकाशाची पट्टी अरुंद. अशी आधाररेषा टाकून द्यायची नसते, कारण पूर्व-पश्चिम लांब रेषा यूटी1 साठी मोलाची असते. पण जाळे एकट्या तिच्यावर उभे राहत नाही. सहावे केंद्र म्हणून टास्मानियातील होबार्ट घ्यावे, म्हणजे दक्षिण गोलार्ध अगदीच उघडा पडणार नाही आणि उत्तर-दक्षिण रेषांमुळे ध्रुवाची हालचालही नीट धरता येईल.

खोडदच्या जीएमआरटीला यात का घेत नाही, हा प्रश्न वर्गात नक्की येईल. तिथे 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत, पण त्या साधारण 1450 मेगाहर्ट्झपर्यंतच ऐकतात. भूगणिताची जुनी पद्धत 2.3 आणि 8.4 गिगाहर्ट्झच्या आसपासचे दोन पट्टे वापरते. नव्या, व्हीजीओएस नावाच्या पद्धतीत 2 ते 14 गिगाहर्ट्झची श्रेणी असते. आयनावरणामुळे, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरामुळे, होणारा विलंब कंप्रतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो, त्यामुळे 1.4 गिगाहर्ट्झला तो 8.4 च्या मानाने 36 पट होतो. त्या गोंधळातून मिलिमीटर काढत बसण्यात अर्थ नाही.

वेळापत्रक करण्यासाठी व्हिएन्नाच्या तंत्रविद्यापीठात तयार झालेले ‘व्हीस्केड++’ हे सॉफ्टवेअर मोफत आणि मुक्तस्रोत आहे. विद्यार्थ्यांनी तेच वापरावे. त्यात बटन दाबले की वेळापत्रक निघते, म्हणूनच आत काय चालते हे आधी समजावून द्यावे लागेल. प्रत्येक निरीक्षणातून एकच संख्या मिळते: तोच संकेत दोन केंद्रांवर पोहोचण्यातला वेळेचा फरक. चांगल्या सत्रात तो सुमारे 30 पिकोसेकंदांपर्यंत नेमका मिळतो, म्हणजे प्रकाशाच्या वाटचालीत 9 मिमी. या एका संख्येत केंद्राची उंची, घड्याळाची चूक आणि डोक्यावरच्या हवेने केलेला विलंब, तिन्ही मिसळलेले असतात. नुसत्या कोरड्या हवेचाच विलंब सरळ वर पाहिले तरी 2.3 मीटरच्या घरात असतो. ही तिन्ही वेगळी करायची एकच वाट आहे: घड्याळाची चूक सगळ्या दिशांना सारखी, उंचीचा परिणाम डोक्यावर सर्वाधिक आणि क्षितिजाकडे शून्याजवळ, तर हवेचा परिणाम नेमका उलट, क्षितिजाकडे वाढत जाणारा. म्हणून दुर्बिणीने थोड्या वेळात वर, खाली, चारी दिशांना पाहिले पाहिजे. तेजस्वी स्रोत निवडून त्यांच्यावरच बसून राहणारे वेळापत्रक आकड्यांत छान दिसते आणि उंचीच्या बाबतीत निरुपयोगी ठरते. पाच अंशांपर्यंत खाली जाणारी निरीक्षणे मुद्दाम ठेवावीत. आपल्याकडे उत्तरेला सातपुडा आहे, तेव्हा काल्पनिक केंद्र पालच्या किंवा तोरणमाळच्या डोंगरात धरले तर क्षितिजाचा नकाशा आधी काढून सॉफ्टवेअरला द्यावा. डोंगराआडचा क्वेसार वेळापत्रकात आला की ते निरीक्षण फुकट जाते.

यानंतर येते केबलच्या पिळाची भानगड. दुर्बीण गोल फिरते, पण तिच्यातून खाली येणाऱ्या केबल सतत एकाच दिशेने पिळत जाऊ शकत नाहीत. त्यामुळे बऱ्याच तबकड्यांना दीड फेऱ्यांच्या आसपासच मोकळीक असते. उत्तरेच्या थोडे पश्चिमेकडून थोडे पूर्वेकडे जायचे तर आकाशात अंतर वीस अंशांचे, पण केबल त्या बाजूला संपली असेल तर तबकडीला उलट्या दिशेने 340 अंश फिरून यावे लागते. सेकंदाला 12 अंश फिरणाऱ्या नव्या तबकडीला यासाठी अर्धे मिनिट पुरते. सेकंदाला 3 अंशांच्या जुन्या तबकडीला जवळजवळ दोन मिनिटे लागतात, आणि त्या स्रोतासाठी निवडलेली बाकीची केंद्रे तेवढा वेळ थांबून राहतात. म्हणून वेळापत्रकात प्रत्येक निरीक्षणापुढे दुर्बीण कोणत्या पिळात आहे तेही लिहिलेले असते. कोण्या केंद्राने फिरण्याचा वेग कागदावर आहे तोच कळवला, पण मोटर जुनी झाल्याने प्रत्यक्षात तो कमी असेल, तर त्या केंद्राचे प्रत्येक निरीक्षण काही सेकंद उशिरा सुरू होते. अशी माहिती मागताना समन्वयकाने संकोच करू नये; जाहिरातपत्रकातील वेग नको, गेल्या महिन्यात मोजलेला वेग हवा.

घड्याळाबाबत थोडेसेच सांगतो. प्रत्येक केंद्रावर हायड्रोजन मेसर हे अतिशय स्थिर अणुघड्याळ असते आणि जीपीएसच्या वेळेशी त्याचा फरक सतत नोंदवला जातो. कोरिलेटर दोन नोंदींमधला मेळ काही मायक्रोसेकंदांच्या खिडकीतच शोधतो. एका केंद्रावर वीज जाऊन आल्यावर नोंदयंत्राचा सेकंद बरोबर एकाने चुकला होता. मेसर ठीक, ग्रहणी (संकेत पकडणारे यंत्र) ठीक, लॉगमध्ये सगळे हिरवे, आणि तरी त्या केंद्राचा मेळ कोणाशीच लागेना. मोहिमेच्या आधी एखाद्या तेजस्वी स्रोतावर, उदाहरणार्थ 3सी84 वर, छोटी चाचणी घेऊन काही सेकंदांची विदा लगेच कोरिलेटरकडे पाठवतात ती याचसाठी. ही चाचणी किमान आठवडाभर आधी घ्यावी, आदल्या दिवशी नव्हे, कारण दोष सापडला तर तो दूर करायला दिवस हवेत.

सलग मोहिमेतील दैनंदिन तपासणीचा प्रश्न वेगळा आहे. एरवी दोन सत्रांच्या मधल्या वेळेत दिशादर्शन तपासता येते, ग्रहणीकडे पाहता येते, डिस्क बदलता येतात. पंधरा दिवस सलग चालायचे तर अशी फट उरत नाही. अलीकडच्या ‘कॉन्ट’ मोहिमांत प्रत्येक केंद्राच्या तपासणीची वेळ वेगळी ठेवून तेवढ्या वेळात बाकीच्यांनी काम चालू ठेवले, आणि दिवस जागतिक मध्यरात्रीपासून, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचपासून, मोजला. त्यामुळे निकाल जीपीएसच्या दैनंदिन निकालांशी थेट ताडून पाहता येतात. वेळा ठरवताना त्या केंद्रावर तेव्हा दिवस आहे की रात्र, तेही पाहावे. पहाटे तीनला शिडी चढायला लावणारे वेळापत्रक तिसऱ्या दिवशी पाळले जात नाही.

विदेच्या आकारमानाकडे विद्यार्थी हमखास दुर्लक्ष करतील. व्हीजीओएस केंद्र सेकंदाला 8 गिगाबिट नोंदवते. 30 सेकंदांचे एक निरीक्षण म्हणजे 30 गिगाबाइट, आणि दिवसाला अशी हजारावर निरीक्षणे. पंधरा दिवसांची ही रास कुठे साठवायची, तारेने किती जाईल, डिस्क विमानाने पाठवल्या तर सीमाशुल्कात किती अडकतील, आणि कोरिलेटरकडे तेवढी जागा त्या महिन्यात मोकळी आहे का, याची आकडेमोड वेळापत्रकाच्याही आधी करावी. सोपे ठेवायचे असेल, तर विद्यार्थ्यांनी जुन्या दोन-पट्टी पद्धतीचे 512 मेगाबिटचे जाळे धरावे. तो भार सोळापट हलका आहे.

समन्वयकाकडे खऱ्या अर्थाने जे येते ते म्हणजे केंद्रांचे तीन निरोप आणि लॉग: तयार आहोत, सुरू केले, संपवले. निरोपांत अडचणी लिहिण्याची सवय सगळ्या केंद्रांना लावणे हे माझ्या मते या कामातले सर्वांत कष्टाचे काम आहे. वाऱ्यामुळे तबकडी दोन तास उभी करून ठेवली, 2.3 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात मोबाइलचा गोंगाट आला, वातानुकूलन बंद पडून नोंदखोलीचे तापमान वाढले, यातले प्रत्येक वाक्य विश्लेषकाचे कित्येक तास वाचवते. तापमानाची नोंद तर आपल्या काल्पनिक केंद्राला कोणाहीपेक्षा जास्त लागेल: पोलादी मनोरा 10 मीटर उंच धरला, तर 20 अंशांच्या फरकाने तो सुमारे 2.4 मिमी वाढतो, आणि व्हीजीओएसचे उद्दिष्ट 1 मिमीचे आहे. मे महिन्यातील जळगावची दुपार आणि पहाट यांत किती फरक पडतो, हे आपण जाणताच.

विद्यार्थ्यांनी आधी एका दिवसाचे वेळापत्रक खान्देशाशिवाय पाच केंद्रांचे करावे, मग तेच सहा केंद्रांचे, आणि दोन्हींतून सॉफ्टवेअरच्या अनुकरणाने (सिम्युलेशनने) यूटी1 व केंद्रांच्या उंचीतील अपेक्षित चूक काढावी. त्यानंतर सहांच्या वेळापत्रकातून होबार्ट काढून टाकून, काहीही न बदलता, पुन्हा तीच आकडेमोड करावी, आणि शेवटी होबार्टशिवाय वेळापत्रक नव्याने करून पाहावे. या शेवटच्या दोन आकड्यांतील फरक पाहिला की, चालू मोहिमेत हात घालावा की नाही, हे त्यांचे त्यांनाच ठरवता येईल. आकडे निघाल्यावर इथे टाकावेत. क्षितिजाचा नकाशा आणि तबकडीचे धरलेले वेग सोबत असतील तर मी तपासून देईन.